आधी स्टँड, मग यंत्र

नवा दवाखाना टाकणारे तरुण नेत्रतज्ज्ञ सल्ला विचारायला आले की बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे. पैसे भिंगांत घाला, लोखंडात घालू नका. स्लिट लॅम्प चांगल्यातला घ्या. त्याचा प्रकाश बुबुळावर पडला की कडा रेखीव दिसल्या पाहिजेत. खालचं टेबल कसलंही चालतं. पेशंटला स्टुलावर बसवायचं, ‘हनुवटी टेकवा, कपाळ लावा’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. केजसारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवायचा तर रुपया रुपया मोजून खर्च होतो. त्यात टेबलावर पैसे घालणं मला चैनीचं वाटे.

आता कुणी विचारलं तर मी आधी टेबलाबद्दल बोलते. यंत्र मधल्या प्रतीचं घ्या, वापरलेलं मिळालं तरी घ्या, पण ते ज्याच्यावर उभं राहणार तो स्टँड नीट करून घ्या, असं सांगते. ज्यांनी माझा जुना सल्ला ऐकला आणि ज्यांना आता नवा ऐकावा लागतो, त्या दोघांनाही या बदलाचं कारण कळायला हवं. म्हणून हे लिहिते आहे.

स्लिट लॅम्पसमोर बसण्याची वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येते. दोन उभ्या दांड्या, वर कपाळाची पट्टी, खाली हनुवटीची वाटी. दांडीवर एक बारीक खूण असते. डोळ्याचा बाहेरचा कोपरा त्या खुणेशी आला म्हणजे पेशंट नीट बसला. समोरून डॉक्टर दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकातून बघतो आणि बाजूने प्रकाशाची उभी चीर सोडतो. बुबुळावरचा ओरखडा, मोतीबिंदूचा थर, आतली सूज, सगळं त्या चिरेत उमटतं. हनुवटीची वाटी सात-आठ सेंटिमीटर वरखाली होते. यंत्र स्वतः तीनेक सेंटिमीटर सरकतं. सहा वर्षांचं पोर आणि सहा फुटी गडी शेजारी शेजारी बसले तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीत वीतभराहून जास्त फरक पडतो. वाटी आणि यंत्र मिळून तो फरक भरून निघत नाही. उरलेलं सगळं टेबलाने करायचं असतं. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण शिकले त्या मोठ्या रुग्णालयात टेबलं बटणावर वरखाली होत, त्यामुळे त्यांच्याकडे बघायची वेळच आली नाही.

केजला आल्यावर बघावं लागलं. इथल्या ओपीडीत कोण बसलंय हे साखर कारखान्यांच्या हंगामावर ठरतं. दसरा झाला की मुकादमांची धावपळ सुरू होते, टायरगाड्या रस्त्याला लागतात आणि केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागातली गावं रिकामी होत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्याशा उसाच्या फडात जातो तो उन्हाळा तोंडावर आल्याशिवाय परतत नाही. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. म्हणजे हिवाळाभर माझ्यासमोर बसतात ते एकतर वाकलेले, नाहीतर पाय जमिनीला न पोचणारे. माझं टेबल होतं ते या दोघांच्या मधल्या, धडधाकट, मध्यम उंचीच्या माणसासाठी, आणि तो माणूस त्या महिन्यांत गावात नसतो.

वाकलेल्या पाठीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं काम ज्या बायकांनी पंचवीस-तीस हंगाम केलं, त्यांची मान आणि पाठ साठीत पोचेपर्यंत कशी होते हे इथल्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी कमी वयात काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्या चर्चेच्या मध्यभागी आमचा बीड जिल्हा होता. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर हाडं वेळेआधी ठिसूळ होत जातात, मणके दबतात, पाठीला बाक येतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वाकलेल्या पाठीमागे हेच आहे असं मी म्हणत नाही. तसा दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही. पण ‘पिशवी काढलीया’ हे वाक्य मी डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांचा इतिहास विचारताना, फार वेळा ऐकलं आहे.

अशी बाई टेबलासमोर बसते. तिचा चेहरा जमिनीकडे असतो. हनुवटी वाटीत टेकवायची तर तिने मान मागे मोडायला हवी, आणि ती मान मागे जात नाही. मग तिची मुलगी डोकं मागून धरते, आमची सिस्टर खांदे पुढे ढकलते, टेबलाची कड छातीत रुतते. ‘व्हईना माय,’ ती म्हणते. मी म्हणायची, ‘थोडं सहन करा, झालंच.’ अर्ध्या मिनिटात जे दिसेल ते बघायचं आणि सोडून द्यायचं.

हे चालत होतं, कारण त्या अर्ध्या मिनिटात काहीतरी दिसतंच आणि पिकलेला मोतीबिंदू तर बॅटरीनेही दिसतो. माझ्या मताला पहिला तडा गेला तो काचबिंदूमुळे. डोळ्यातला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १० ते २१ हा नेहमीचा पल्ला मानला जातो. तो मोजायची जगभर मान्य असलेली पद्धत स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात बसवली, आणि ते उपकरण स्लिट लॅम्पवरच बसतं. त्याची एक अट आहे. माणूस सैल बसलेला हवा. श्वास रोखला, मान ताणली, गळ्याशी कपडा घट्ट असला किंवा छाती-पोट कडेवर दाबलं गेलं, तर दाब खराच थोड्या वेळापुरता वाढतो आणि आकडा वाढून येतो. पाठीला बाक असलेल्या काही बायकांचे आकडे एका खेपेला जास्त, दुसऱ्या खेपेला कमी का येतात, याचा विचार करताना मी यंत्र तपासलं, त्याचं माप जुळवून घेतलं, औषधाच्या बाटल्या तपासल्या. टेबल तपासायचं सर्वांत शेवटी सुचलं. एकदा एका आजींना खुर्चीत मागे टेकून बसवलं, टेबलाखालच्या विटा काढून ते खाली घेतलं आणि पुन्हा दाब मोजला. आकडा नेहमीच्या पल्ल्यात होता.

काचबिंदूचं औषध एकदा सुरू झालं की ते बहुधा जन्मभराचं असतं. महिन्याला एक बाटली, कधी दोन. उचल घेऊन फडावर जाणाऱ्या घराला तो खर्च काय असतो हे सांगायला नको. चुकीच्या बसण्यामुळे आलेल्या आकड्यावर तो खर्च लादायचा? उलट बाजूही तितकीच वाईट आहे. नीट बसताच आलं नाही म्हणून दाब मोजलाच नाही, आतली नस बघितलीच नाही, आणि काचबिंदू दुखत-खुपत नसल्याने कुणाला कळलंच नाही, असंही होतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं नंतर बघू म्हणता येत नाही.

मग मी जुने केसपेपर काढून बसले. आमच्यात एक शेरा लिहायची पद्धत आहे: ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ स्लिट लॅम्पवर तपासणी झाली नाही की कारण म्हणून तो टाकतात. मीही टाकत आले. ते पेपर बाजूला काढले तर त्यांत बाक आलेल्या म्हाताऱ्या होत्या, शाळेत न जाणारी लहान पोरं होती, दिवस भरत आलेल्या बायका होत्या, अर्धांगाने चाकाच्या खुर्चीत बसलेले लोक होते. यांतल्या जवळजवळ कुणीही तपासणीला नाही म्हटलेलं नव्हतं. काही जण दोन बस बदलून आले होते. जो दोन बस बदलून येतो तो सहकार्य करत नाही असं कसं म्हणायचं? सहकार्य टेबल करत नव्हतं.

त्या दिवसापासून टेबल माझ्या लेखी सामान राहिलं नाही. आपण कुणाला तपासणार आणि कुणाला नाही, हे ते ठरवत होतं.

यानंतर मी या यंत्राचा इतिहास नव्याने वाचला, आणि तो निम्माअधिक स्टँडचाच इतिहास आहे हे लक्षात आलं. स्वीडनचे आल्वार गुलस्ट्रँड यांनी १९११ साली स्लिट लॅम्प दाखवला. त्याच वर्षी त्यांना डोळ्यातल्या प्रकाशमार्गाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं. पण तो दिवा रोजच्या कामात वापरायला अवघड होता. पुढची सत्तावीस वर्षं गेली ती मुख्यतः दिवा आणि सूक्ष्मदर्शक कशावर बसवायचे, एका आसावर कसे फिरवायचे, हात न अडखळता ते डोळ्यापर्यंत कसे न्यायचे हे सोडवण्यात. १९३३ मध्ये गोल्डमन यांनी मागेपुढे, आडवी आणि उभी अशी सगळी हालचाल खालच्या सरकत्या पायावर एकत्र आणली. १९३८ मध्ये त्यातली मागेपुढे आणि आडवी हालचाल एका दांड्यात आली, ज्याला आज आपण जॉयस्टिक म्हणतो. भिंगांइतकीच बुद्धी लोखंडात खर्च झाली होती. फक्त तो विचार टेबलाच्या फळीपाशी येऊन थांबला. फळीच्या वर अर्धा मिलिमीटरही जुळवता येतो, आणि फळीच्या खाली पेशंटने कसं बसायचं ते त्याचं तो बघेल, अशी वाटणी झाली.

फळीच्या खालचा प्रश्न मला दाखवला तो मांजरसुंबा रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला म्हणून ते आले होते. या लोकांना ते वरचेवर होतं. कण काढून झाल्यावर डोळा पुसत ते टेबलाखाली वाकून बघत राहिले. ‘मॅडम, हा खांब बरोबर मधी कामून घातलाय? माणसानं गुडघे कुठं ठिवायचे?’ मी इतकी वर्षं त्या खांबाला पाय अडवून बसत होते आणि माझे पेशंटही बसत होते. चाकाची खुर्ची त्याला अडायची, गरोदर बाईला पाय फाकवून बसावं लागायचं, बाक असलेल्या आजी पुढे सरकू शकायच्या नाहीत. मधला खांब हे बहुतेक टेबलांचं रूप आहे, कारण तोल राखायला ते सोपं आहे. बनवणाऱ्याची सोय आहे ती.

आम्ही दोघांनी मिळून स्टँड करायचं ठरवलं. दसऱ्याआधी त्यांना फुरसत नव्हती. तेव्हा सगळं गाव टायरगाड्या आणि ट्रॉल्या दुरुस्त करून घेत असतं. कोयते गेल्यावर त्यांचं दुकान शांत झालं तेव्हा काम सुरू झालं.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टेबलाचं महत्त्व कळलेल्या माणसाला वाटतं की आता सगळंच हलतं करावं. मीही तशीच यादी दिली. फळी वरखाली व्हावी, पुढेमागे सरकावी, डावी-उजवीकडे वळावी, दोन्ही बाजूंनी झुकावी, खाली चाकं असावीत, हात पसरल्यासारखा लांब बाहू असावा म्हणजे पलंगावरच्या पेशंटपर्यंतही पोचेल. मिस्त्रींनी निमूटपणे करून दिलं. मी यंत्र चढवलं, डोळ्यावर प्रकाश टाकला आणि बुबुळ डुलताना दिसलं. यंत्रातून १६ पटींनी मोठं दिसत असतं तेव्हा थरथरणंही १६ पटींनी मोठं दिसतं. पेशंटच्या श्वासाने फळी हलत होती. बाहेरून ट्रक गेला तरी समजत होतं. जितके सांधे तितकी ढिलाई, आणि लांब बाहूच्या टोकाला ती सगळी गोळा होते.

तोपर्यंत माझ्या मनात जुळवून घेणारा स्टँड म्हणजे जास्तीत जास्त हलणारा स्टँड, असं समीकरण होतं. आता वाटतं की प्रश्न उलटा विचारायला हवा: काय हललं नाही तरी चालेल? एकेक सांधा वेल्डिंगने बंद करत गेलो. वळणं बंद केलं, कारण ते काम यंत्र स्वतःच करतं. लांब बाहू काढून टाकला. शेवटी तीनच हालचाली उरल्या. फळीची उंची, फळीचा थोडा झुकाव, आणि सगळा स्टँड चाकांवर पेशंटपर्यंत नेऊन तिथे पक्का करणं.

आजचा स्टँड असा आहे. खांब मध्ये नाही, एका बाजूला आहे. पाया इंग्रजी सी अक्षरासारखा, दोन चपटे पाय जमिनीलगत पुढे आलेले, म्हणजे चाकाची खुर्ची किंवा स्टूल त्यांच्यामध्ये सरळ आत जातं. खांब बाजूला घेतला की स्टँड कलंडायची भीती असते, म्हणून वजन खाली, पायात, भरलेलं आहे. चाकं फिरती आहेत, पण जागेवर आल्यावर चार कोपऱ्यांचे स्क्रू खाली घेऊन चाकं जमिनीवरून उचलली जातात. चाकांचे ब्रेक या कामाला पुरत नाहीत. फळी सहा मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटची आहे. जाड प्लाय आणि त्याखाली लाकडी चौकट असली की तेवढी उंची वाया जाते. वाटी खाली आणायची तर गुडघ्यांना जागा उरत नाही आणि गुडघ्यांना जागा ठेवायची तर वाटी खाली येत नाही. पातळ फळीने दोन्ही साधतं. फळी जमिनीपासून ६० सेंटिमीटरपर्यंत खाली येते आणि ९० पर्यंत वर जाते.

उंचीसाठी चौकोनी आट्यांचा स्क्रू आहे, हँडल फिरवून चालणारा, मोटारीच्या जॅकच्या जातीचा. खुर्च्यांना असतो तसा गॅसचा दांडा मी आधी लावून पाहिला. तो हलका चालतो, पण काही काळाने बसतो आणि केजमध्ये भरून मिळत नाही. मोटारही विचारात घेतली होती. मोटारीचं टेबल वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. जिथे वीज टिकते आणि दुरुस्तीचा माणूस बोलावल्यावर येतो तिथे जरूर घ्यावं. आमच्याकडे दोन्हीचा भरवसा नाही, आणि अडकलेलं टेबल हे न हलणाऱ्या टेबलाहून वाईट, कारण ते नेमकं कुठल्या उंचीवर अडकेल हे आपल्या हातात नसतं. स्क्रू हाताने फिरतो, बिघडला तर लेथवर नवा कापून मिळतो, आणि त्याचे आटे बारीक असल्याने वरच्या वजनाने फळी आपोआप खाली घसरत नाही. मिस्त्रींनी मोठे आटे सुचवले होते, म्हणजे फळी लवकर वर येईल. मोठ्या आट्यांवर ती भाराने हळूहळू उतरू लागली, म्हणून बारीकच ठेवले. त्याची किंमत मोजावी लागते: हँडल बराच वेळ फिरवावं लागतं. म्हणून आता मी लहान मुलांना एका सरीने बोलावते आणि म्हाताऱ्यांना एका सरीने. मध्ये एकदाच उंची बदलते. रांगेत आधी आलेल्याला थोडं थांबावं लागतं. कारण सांगितलं की लोक थांबतात.

झुकावाबद्दल मला सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं. पहिल्यांदा वाटतं की वाकलेल्या माणसासाठी फळी त्याच्याकडे उतरती करावी. प्रत्यक्षात उलटं आहे. तिचा चेहरा खाली वळलेला, म्हणजे तिची नजर खाली येते. त्या नजरेच्या रेषेत शिरायचं तर यंत्राने खालून वर बघायला हवं. म्हणून फळीची डॉक्टरकडची कड खाली जाते, पेशंटकडची वर राहते आणि डॉक्टर बुटक्या स्टुलावर बसतो. दहा-पंधरा अंश पुरतात. त्याहून जास्त झुकवलं तर यंत्राचा सरकता पाया डॉक्टरच्या अंगावर येऊ बघतो. तेवढ्यातही त्याचा आवळायचा स्क्रू घट्ट ठेवावा लागतो. झुकवलेल्या स्थितीत मी गोल्डमनच्या उपकरणाने दाब मोजत नाही, कारण त्याचा तोल सपाट पृष्ठभाग धरून बसवलेला असतो. अशा पेशंटचा दाब हातात धरायच्या उपकरणाने घेते आणि तसं पेपरवर लिहिते. स्टँड सगळं सोडवत नाही. नस आणि बुबुळ मात्र आता निवांत बघता येतात.

बारीकसारीक गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा मोठ्या गोष्टींनीही पडला नसेल. पाय ठेवायला एक फळी केली, कारण पाय लोंबकळत असले की मूल किंवा ठेंगणी बाई पुढे झुकायला धजत नाही. दोन्ही बाजूंना धरायला दांड्या दिल्या. हातांना आधार मिळाला की मान आपोआप सैल पडते. टेबलाची कड गोल केली. माझ्या कोपराखाली उंची बदलणारं एक ठोकळ्यासारखं टेकण केलं, आणि त्यामुळे बुबुळात रुतलेला कण काढताना माझा हात जास्त स्थिर राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाला कोयते परत येतात तेव्हा याची गरज पडते. उसाच्या पात्याने डोळा चिरटलेला असतो, फडावर कुणीतरी काहीतरी थेंब टाकलेले असतात, आणि पाचटाबरोबर आत गेलेली बुरशी बुबुळ पोखरत असते. अशी जखम भरली तरी फूल पडतं आणि नजर जाते. तिची खोली किती, कडा कशा, औषधाने ती आवळतेय की पसरतेय, हे दर दोन दिवसांनी त्याच यंत्रावर बघावं लागतं. हाताबाहेर जाणारी जखम मी वेळेत अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पाठवते. पाठवायची वेळ कोणती, हे स्लिट लॅम्प सांगतो.

माझ्या स्वतःच्या मानेबद्दलही एक गोष्ट. नेत्रतज्ज्ञांमध्ये मान आणि कंबर दुखणं सर्रास आहे, आणि आम्ही ते धंद्याचा भाग म्हणून सोसतो. मी उंचीने बेताची. बाजारातली टेबलं माझ्यासाठी केलेली नव्हती, हे मला चाळिशीनंतर कळलं. पेशंटसाठी स्टँड जुळवायचा आणि डॉक्टरने तसंच वाकडं बसायचं, हे टिकत नाही. दुखणारा डॉक्टर घाई करतो.

हा सगळा खटाटोप कशाला, हातात धरायचा स्लिट लॅम्प घ्या, असं मित्र म्हणतात. माझ्याकडे तो आहे. पलंगाला खिळलेल्या माणसासाठी, तान्ह्या बाळासाठी, वाडीवरच्या शिबिरासाठी त्याला तोड नाही. पण त्यात एक हात अडकतो, दुसऱ्या हाताने कण काढायचा तर स्थिरता राहत नाही, आणि जखमेच्या खोलीचा अंदाज तसा पक्का येत नाही. वाकलेल्या पाठीच्या आजींना कायम दुय्यम तपासणी आणि ताठ बसणाऱ्यांना पहिल्या प्रतीची, ही विभागणी मला मान्य नाही. जुन्या मतातलं एक मात्र मी सोडलेलं नाही. ओरखडे पडलेलं, बुरशी आलेलं भिंग कितीही चांगल्या स्टँडवर ठेवलं तरी काही दाखवत नाही.

स्टँड बनवण्याच्या दिवसांत मला मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांची वारंवार आठवण झाली. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली. तरीही त्यांनी नेत्रशस्त्रक्रियेची वाट धरली. आपल्या बोटांत बसतील अशी हत्यारं घडवून घेतली, हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि १९७६ साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ११ खाटांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांना जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितली जाई. आज मी ती वेगळी ऐकते. बोटं सरळ होणार नव्हती, तेव्हा हत्यार बदललं. डॉक्टरच्या वाकड्या बोटांसाठी जे करणं आपल्याला योग्य वाटतं, ते पेशंटच्या वाकड्या पाठीसाठीही करायला हवं.

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्येच सुरू झाला, आणि तेव्हापासून मराठवाड्यात किती शाळांच्या वर्गांत, किती मंगल कार्यालयांत नेत्रशिबिरं झाली असतील. अंबाजोगाईत काम केलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी शिबिरांमधून गरिबाच्या दारापर्यंत शस्त्रक्रिया नेली. त्या प्रत्येक शिबिरात शाळेच्या बाकाखाली विटा सरकवणारा कुणीतरी शिपाई किंवा शिक्षक असायचा. आम्ही त्याला मदतनीस समजायचो. जुळता स्टँड बनवायचं काम तोच करत होता, विटांनी.

माझी विनंती यंत्रं भेट देणाऱ्यांना आहे. साखर कारखाने, बँका, मंडळं, परदेशी गेलेली आपली मुलं मोठ्या मनाने दवाखान्यांना नेत्रयंत्रं देतात. देताना एवढं विचारा की हे कशावर बसणार आहे, त्याची फळी किती खाली येते, चाकाची खुर्ची खाली जाते का, आणि बिघडलं तर त्याच गावात कोण नीट करील. उत्तर मिळालं नाही तर यंत्र एक पायरी कमी दर्जाचं द्या आणि उरलेल्या पैशांत स्टँड करून द्या. डॉक्टर मित्रांना सांगणं आहे की ‘सहकार्य नाही’ असा शेरा लिहिण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा. आमच्या स्टँडची मापं, पाइपचा गेज, स्क्रूचे आटे, पायातलं वजन, सगळं कागदावर उतरवलेलं आहे. केजला या, कागद घेऊन जा, आणि तुमच्या गावच्या मिस्त्रीकडून करून घ्या. त्याला माझी परवानगी लागत नाही.